कुणाच्या खोलीत किती ऊब

व्हिटबीतलं ते घर आम्ही घेतलं तेव्हा त्यातले रेडिएटर मला फार आवडले होते. ओतीव लोखंडाचे, कमरेइतके उंच, पायांवर नक्षी, वरून चंदेरी रंग. प्रत्येक खोलीत खिडकीखाली एक. आधी आम्ही मार्कहॅमला भाड्याच्या कॉन्डोत, म्हणजे मोठ्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये, राहायचो. तिथं भिंतीतल्या जाळीतून गरम वारा यायचा आणि हिवाळाभर ओठ फुटायचे. इथं वारा नाही, धूळ नाही. बेसमेंटमधला बॉयलर पाणी उकळणार, वाफ पायपातून वर चढणार, रेडिएटर तापणार, आणि वाफेचं पाणी होऊन त्याच पायपातून परत खाली उतरणार. माझ्या नवऱ्यानं हे सगळं मला आणि मुलीला जमिनीवर बसून, कागदावर चित्र काढून समजावलं होतं. तो मार्कहॅमच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. एखादी गोष्ट आतून कशी चालते हे कळलं की त्याचा चेहरा खुलायचा. त्या दिवशी तो किती छान दिसला होता हे मी मुद्दाम सांगते. पुढचं ऐकून लोकांना वाटतं की मला पहिल्यापासून सगळं दिसत असणार. नव्हतं दिसत.

"हे बघा," तो आम्हाला म्हणाला, "प्रत्येक रेडिएटरच्या बुडाशी ही चाकी आहे. ती एकतर पूर्ण उघडी, नाहीतर पूर्ण बंद. मधे कधीच नाही. अर्धी ठेवली की वाफ आत शिरते, पण पाणी बाहेर पडू शकत नाही. ते आतच साठतं. मग वाफ त्याच्यावर आदळते आणि असा आवाज होतो की वाटावं कोणी पायपावर घण घालतंय."

मुलगी तेव्हा दुसरीत होती. तिनं विचारलं, "देन व्हॉट हॅपन्स?"

"मग बाबा ओरडतो," तो म्हणाला, आणि आम्ही तिघंही हसलो.

त्या घराची अडचण एवढीच होती की थर्मोस्टॅट एकच होता आणि तो हॉलमध्ये होता. हॉल तापला की बॉयलर बंद. बाकीच्या खोल्यांचं काय झालं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आमची बेडरूम बॉयलरच्या बरोबर वर, तिथं झोपताना पांघरूण नकोसं व्हायचं. मुलीची खोली वरच्या मजल्यावर, अगदी मागच्या कोपऱ्यात. तिथं वाफ पोचेपर्यंत बॉयलर बंद व्हायची वेळ झालेली असायची. प्रत्येक रेडिएटरच्या बाजूला अंगठ्याएवढी एक चकचकीत डबी असते. तिला एअर व्हेंट म्हणतात. तिच्यातून आधी आतली हवा फुसफुसत बाहेर जाते आणि वाफ आली की ती आपोआप मिटते. हवा लवकर गेली तर वाफ लवकर येते. नवऱ्यानं सगळ्या खोल्यांमधल्या डब्या बदलल्या. मुलीच्या खोलीत मोठ्या भोकाची, आमच्या खोलीत अगदी बारीक. पहिल्या हिवाळ्यात तो ऑफिसातून येऊन जेवायच्या आधी थर्मामीटर घेऊन घरभर फिरायचा. नाताळच्या सुमाराला घर असं जमून गेलं की कुठल्याही खोलीत जा, सारखीच ऊब.

तेव्हा ते तसंच राहू दिलं असतं तर बरं झालं असतं. पण एका रविवारी मुलीनं खेळता खेळता तिच्या खोलीतली चाकी फिरवून बंद केली. तिथली वाफ दुसरीकडे गेली, हॉल वेळेआधी तापला, बॉयलर थांबला आणि स्वयंपाकघर गार पडलं. कारण सापडेपर्यंत तो संध्याकाळभर बेसमेंटमध्ये खालीवर करत होता. सापडल्यावर त्यानं मुलीला दंडाला धरून जिन्यावरून ओढत वर नेलं आणि त्या चाकीसमोर उभं केलं. "कोणी हात लावला? कोणी लावला?" ती रडत होती. मी मधे पडले तर त्यानं कोपरानं मला बाजूला ढकललं आणि माझं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं घरातल्या सगळ्या चाक्या काढल्या. एकेका स्क्रूनं बसवलेल्या असतात त्या. एक स्वतःजवळ ठेवली, विंटर जॅकेटच्या आतल्या खिशात. ती सगळीकडे बसायची. बाकीच्या कुठं ठेवल्या ते मला कधीच कळलं नाही. आता कुठली खोली उघडी आणि कुठली बंद हे तोच ठरवणार होता.

त्यानं आधी कधी हात उचलला नव्हता असं नाही. पण कॉन्डोत भिंती पातळ होत्या आणि पलीकडे गुजराती कुटुंब राहायचं. आवाज वर गेला की तो स्वतःच दार लावून घ्यायचा. या घराला जाड विटांच्या भिंती होत्या आणि चारी बाजूंनी अंगण. इथं कोणाला काही ऐकू जात नव्हतं.

सुरुवातीला तो कारण तरी द्यायचा. वेस्ट नको, रिकामी खोली कशाला तापवायची, असं. मग कारण देणं थांबलं. मी त्याच्या मित्रांसमोर त्याचं बोलणं तोडलं की माझ्या शिवणाच्या खोलीतला रेडिएटर बंद. मी माझ्या आईशी फोनवर जास्त वेळ बोलले की बंद. मुलीला गणितात कमी मार्क पडले, तिनं इंग्रजीत उलट उत्तर दिलं, की तिची खोली बंद. बाहेर उणे वीस असताना बंद खोलीच्या खिडकीवर आतून बर्फाची जाळी धरते. मुलगी स्नो-पँट घालून गृहपाठ करायची. मी तिला आमच्या खोलीत बोलवायची, तर ती म्हणायची, "इट्स फाइन, मम्मी." तिला माहीत होतं की ती आमच्या खोलीत सापडली तर मार मला पडेल.

दुसऱ्या हिवाळ्यात एकदा तो ऑफिसात असताना मी गॅरेजमधून पकड आणली आणि मुलीच्या खोलीत चाकी काढल्यावर उरलेला दांडा पकडीनं फिरवून रेडिएटर उघडला. दुपारभर खोली गरम झाली. तो यायच्या आधी बंद करायचा माझा बेत होता, पण त्या दिवशी तो लवकर आला. दांड्यावर पकडीचे ओरखडे होते, ते त्यानं पाहिले. मला खाली आमच्या बेडरूममध्ये घेऊन आला. तिथला रेडिएटर तेव्हा पूर्ण तापलेला होता.

"गरम पाहिजे ना तुला?" असं म्हणून त्यानं माझं मनगट धरलं, हात पिरगाळला आणि माझा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत त्या लोखंडावर दाबून धरला.

वाफेचा रेडिएटर उकळत्या पाण्याइतका गरम असतो. मी किंचाळले. मला त्याच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता, पळून आल्यासारखा. त्यानं सोडलं तेव्हा कातडीचा एक पट्टा रेडिएटरलाच चिकटून राहिला होता. मग त्यानंच मला सिंकपाशी नेलं, गार पाण्याखाली माझा हात धरला आणि रडला. म्हणाला, "तू मला असं का करायला लावतेस?"

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायचं काम करायची. पूर्ण बाह्यांचे कपडे घालून जायला लागले. सोबतच्या फिलिपिनो बाईनं एकदा विचारलं, तर ओव्हनच्या ट्रेनं भाजलं असं सांगितलं. तिनं मान डोलावली, पण ग्लव्ह्ज काढेपर्यंत ती माझ्याकडे पाहत राहिली.

पुढच्या ऑक्टोबरात माझ्या सासूबाई नागपूरहून आल्या. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. सासूबाई बुटक्या, काटक, पांढरं लुगडं नेसणाऱ्या, सकाळी उठून मोठ्यानं वंदना म्हणणाऱ्या. त्या आल्यावर घर सुधारेल असं मला वाटलं होतं. आईसमोर तो असं कसा वागेल, असं. महिनाभर तो खरंच नीट वागला. खालच्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत रेडिएटर कायम उघडा, शिवाय "आई, गरम होतंय ना?" अशी रोज चौकशी. मग एका सकाळी पोळी करपली म्हणून त्यानं आईसमोरच माझ्या तोंडावर तवा उगारला. मारला नाही. उगारला आणि खाली टाकला. सासूबाई उठल्या, तवा उचलून सिंकमध्ये ठेवला आणि पुन्हा खुर्चीवर जाऊन बसल्या.

माझ्या हातावरचा डाग त्यांनी आल्या आल्याच पाहिला होता. भांडी घासताना बाही वर गेली होती.

"हे कायनं भाजलं?" त्यांनी विचारलं.

"ओव्हननं, आई."

त्यांनी तो डाग बोटानं चाचपला. वर मान न करता म्हणाल्या, "हाव. ओव्हननं." आणि घासलेलं ताट पुसायला घेतलं. मला त्यांचा फार राग आला. त्यांना कळलंय हे मला कळलं होतं आणि मला कळलंय हे त्यांना. तरी घरात एक बाई वाढली एवढंच झालं, बाकी काही बदललं नाही.

जानेवारीत मुलीच्या शाळेतून तिच्या बाईंचा फोन आला. नेमका त्यानं उचलला. मुलगी वर्गातही कोट काढत नाही, विचारलं तर म्हणते माझ्या खोलीत हीट नाही, घरी काही प्रॉब्लेम आहे का, असं बाईंनी विचारलं. तो फोनवर गोड बोलला. जुनं घर आहे, रेडिएटर बिघडलाय, वीकेंडला दुरुस्त करतोय, थँक यू फॉर कॉलिंग. फोन ठेवला आणि मुलीला हाक मारली.

ती जिन्यावरून उतरत असतानाच त्यानं तिच्या कानाखाली मारली. ती शेवटच्या दोन पायऱ्या घसरून खाली आली. मी धावले तर मला केसांना धरून भिंतीकडे फेकलं. सासूबाई हॉलमधून ओरडल्या, "अरे, पोट्टी मरन ना!" तो थांबला. जॅकेटच्या खिशातून चाकी काढली, वर गेला आणि मुलीच्या खोलीतला व्हॉल्व्ह अर्धा उघडला. अर्धाच. वरूनच ओरडून म्हणाला, "आता शाळेत सांग. सांग, बाबांनी अर्धी हीट दिली म्हणून."

त्याला माहीत होतं. चित्र काढून त्यानंच आम्हाला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळपासून ठोके सुरू झाले. आधी लांबून आल्यासारखे, मग मोठे. बॉयलर चालू झाला की थोड्या वेळानं मुलीच्या खोलीतून असा आवाज यायचा की टेबलावरची पेन्सिल उडायची. व्हेंटमधून फुसफुस करत पाण्याचे थेंब बाहेर पडायचे. खोली मात्र थोडी कोमट झाली होती. रविवारी दुपारी सासूबाई वर गेल्या. नात एकटी बसते म्हणून. रेडिएटरला लागून छोटं स्टूल घेऊन त्या बसल्या, मुलीला पुढ्यात घेतलं आणि तिच्या केसांना तेल लावू लागल्या. मी कपड्यांच्या घड्या घेऊन दारात आले होते. नवरा शेजारच्या खोलीत लॅपटॉपवर कोणाशी तरी बोलत होता.

बॉयलर पेटला. एक ठोका, दुसरा, आणि मग एकामागून एक, कोणी खालून पाईप फोडत असल्यासारखे. मुलीनं कानांवर हात ठेवले.

शेजारून त्याची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो आत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "बंद करा हे! बंद करा म्हणतो ना!" तो आमच्यावर ओरडत होता, जणू आम्हीच ते ठोके मारत होतो. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही काय केलं, बापा? तूच तं..." त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. मुलगी उठायला लागली होती, सासूबाईंनी तिला मागे, माझ्याकडे ढकललं. त्यानं पाय उचलला आणि टाचेनं रेडिएटरवर लाथ मारली. एक, मग आणखी एक. दुसरी व्हेंटवर बसली.

ती डबी तुटून खोलीभर उडत गेली. त्या भोकातून आधी पाणी आलं, दोन दिवस आत साठून उकळत असलेलं पाणी, आणि त्याच्या मागोमाग वाफ. ती सगळी धार सासूबाईंच्या उजव्या पायावर पडली, पोटरीपासून घोट्यापर्यंत. लुगडं कातडीला चिकटलं. त्या ओरडल्या तसं माणूस ओरडताना मी आधी ऐकलं नव्हतं. स्टूल कलंडलं आणि त्या त्याच गरम पाण्यात पडल्या.

मी त्यांना काखेत धरून बाहेर ओढलं. मुलगी भिंतीला पाठ लावून उभी होती. वाफेनं खोलीतलं काही दिसत नव्हतं. मी जिना उतरून बेसमेंटच्या दारापाशी धावले. तिथं बॉयलरचं लाल बटण असतं, ते बंद केलं. वर येऊन सासूबाईंना बाथटबच्या कडेवर बसवलं आणि त्यांच्या पायावर गार पाणी सोडलं. लुगडं सोडवायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. कपड्याबरोबर कातडी येत होती. मी ते तसंच ठेवलं.

तो दारात उभा होता. "आई, मला माहीत नव्हतं," म्हणाला. "मला माहीत नव्हतं तू..."

मी खिशातून फोन काढला. त्यानं पुढे होऊन तो हिसकावला. "कोणाला करतेस? काय सांगणार आहेस?" मी म्हटलं, "ॲम्ब्युलन्स." त्यानं तोच फोन माझ्या कानावर मारला. नंतर कितीतरी वेळ मला त्या कानानं फक्त शिट्टी ऐकू येत होती. मी खाली पडले नाही. गाडीची किल्ली स्वयंपाकघरात लटकवलेली होती, ती घेतली. टॉवेल ओले केले, सासूबाईंच्या पायाला गुंडाळले, मुलीला म्हटलं, "बूट घाल." आम्ही दोघींनी त्यांना उचलून गाडीत बसवलं. त्यानं अडवलं नाही. मी गाडी सुरू केली तेव्हा मात्र तो येऊन माझ्या शेजारी बसला. वाटेत तो सगळ्यांना सांगत होता काय बोलायचं ते. जुनी सिस्टीम. व्हेंट आपोआप उडाली. आई शेजारी बसली होती. "कळलं?" मागं वळून मुलीला म्हणाला, "कळलं का?" सासूबाई कण्हत होत्या.

हॉस्पिटलात त्यानं तेच सांगितलं. शांत, सुबक इंग्रजीत. ऐकणाऱ्याला पटावं असं. पायावरचं कापड काढून, औषध लावून झाल्यावर एक उंच, सावळी नर्स कागद घेऊन आली. तिला सासूबाईंशी बोलायचं होतं.

"त्यांना इंग्रजी येत नाही," नवरा म्हणाला. "मी सांगतो तुम्हाला."

"थँक यू, पण दुभाषी म्हणून आम्ही घरच्यांना वापरत नाही," ती म्हणाली. "फोनवर इंटरप्रिटर आहे. तुम्ही सगळे जरा बाहेर थांबा."

त्यानं वाद घातला. आई घाबरलेली आहे, म्हातारी आहे, डायबेटीस आहे. नर्स ऐकून घेत राहिली आणि पलंगाभोवतीच्या पडद्याकडे बोट दाखवत राहिली. शेवटी तो बाहेर गेला. मुलीला दुसऱ्या एका नर्सनं खायला काहीतरी द्यायला नेलं. मीही निघाले, पण सासूबाईंनी माझी बोटं घट्ट धरली होती. नर्सनं ते पाहिलं आणि मला राहू दिलं. पडद्याखालून नवऱ्याचे बूट दिसत होते.

चाकांच्या स्टँडवर बसवलेल्या फोनमधून एका बाईचा आवाज आला, पुण्याकडचा. "नमस्कार आजी. मी तुमच्यासाठी मराठीतून बोलते. नर्स विचारतायत, हे कसं झालं?"

सासूबाईंनी माझी बोटं आणखी आवळली. मी त्यांच्याकडे पाहत नव्हते. त्या काय सांगणार हे मला ठाऊक होतं.

"आजी, ऐकू येतंय का?"

"हाव," त्या म्हणाल्या. "माह्या पोरानं लात मारली."

"माफ करा, काय मारलं?"

"लात. लात, बाई. पायानं. त्या लोखंडाले मारली, त्यातलं पानी माह्या पायावर आलं. अन् पोट्टीले जिन्यावून पाडलं परवा. अन् या माह्या सुनेचा हात जाळला त्यानं. हात पाहून घ्या म्हना हिचा. हे नाई सांगनार, म्हनून मी सांगतो."

मग तोच आवाज, आता इंग्रजीत, जराही न कापता म्हणाला, "माय सन किक्ड इट."

पडद्याखालचे बूट हलले. पडदा ओढला गेला आणि तो आत आला. "आई! काय बोलतेस तू? कळतंय का तुला काय बोलतेस?" नर्स मधे उभी राहिली. त्यानं तिला हात लावला नाही, पण तो फोनचा स्टँड दोन्ही हातांनी उचलून भिंतीवर आपटला. फोनची काच फुटून पलंगावर आली. सासूबाईंनी चेहऱ्यावर हात घेतले. मी त्यांच्यावर ओणवी झाले. दोन सिक्युरिटी गार्ड धावत आले, त्यांनी त्याला खांद्यांना धरून जमिनीवर दाबलं. त्याचा गाल फरशीवर, तोंड आमच्याकडे. तो "आई, आई" म्हणत होता. सासूबाईंनी मान फिरवली नाही. त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या, त्याला उठवून बाहेर नेईपर्यंत.

मग पोलीस आले. एका बाई पोलिसानं मला वेगळ्या खोलीत नेऊन विचारलं. मी बाही वर केली. बोलायला सुरुवात केल्यावर मला थांबता येईना. कानातली शिट्टी वाजतच होती, त्यामुळे मी बहुतेक फार मोठ्यानं बोलत होते.

तो त्या घरात परत आला नाही. कोर्टानं त्याला घरापासून आणि आमच्यापासून लांब राहायला सांगितलं. काही महिन्यांनी त्यानं गुन्हा कबूल केला. शिक्षा भोगून झाल्यावर तो नोकरी बदलून कॅल्गरीला गेला. आमच्या ओळखीतल्या काही घरांनी मला फोन करणं सोडलं. आम्ही जायचो त्या बुद्धविहारातल्या दोन बायका मात्र रोज आळीपाळीनं डबा घेऊन यायच्या आणि सासूबाईंच्या पायाची पट्टी बदलायला थांबायच्या. एकदा नवऱ्याच्या मित्राची बायको भेटायला आली आणि सासूबाईंना म्हणाली, "पण आई असून तुम्ही स्वतःच्या मुलाला पोलिसात दिलं?"

सासूबाई म्हणाल्या, "च्या घेतं का तू?" आणि चहा होईपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

पाय भरायला फार वेळ लागला. एका दुपारी मी मलम लावत असताना त्या आपणहून बोलल्या. "त्याच्या बापानं माह्यावर उकळता च्या फेकला होता. इथं," असं म्हणून त्यांनी छातीवर हात ठेवला. "डॉक्टरनं इचारलं, मी म्हनलं माह्याच हातून सांडला. हा लहान होता, दाराशी उभा होता. सारं आयकलं त्यानं."

"मग तुम्ही माझा हात पाहिला तेव्हा का नाही बोललात?" मी विचारलं. इतके महिने हा प्रश्न माझ्या पोटात होता.

त्यांनी मलमाच्या डबीचं झाकण लावलं. "माहा पोरगा होता तो," एवढंच म्हणाल्या. मला ते पुरलं नाही, आणि मी तसं त्यांना सांगितलं. आम्ही दोघी दोन दिवस एकमेकींशी बोललो नाही.

त्या उन्हाळ्यात मी एका दुरुस्तीवाल्याला बोलावून सगळ्या रेडिएटरांचं काम करून घेतलं. नव्या चाक्या बसवल्या, आणि त्या सगळ्या पूर्ण उघड्या ठेवल्या. प्रत्येक व्हेंटच्या आधी त्यानं एकेक लहानसा थर्मोस्टॅटचा खटका लावला. खोली हवी तेवढी तापली की तो हवा अडवतो, मग वाफ आत येत नाही. एकानं स्वतःची खोली कमीजास्त केली म्हणून दुसऱ्याला थंडी वाजत नाही. थंडी सुरू झाली तसं मुलीनं तिचा खटका पूर्ण वर नेला आणि वर खिडकीही उघडी टाकली. बाहेर बर्फ पडत असताना ती नुसत्या टी-शर्टमध्ये बसून गृहपाठ करायची. मी दारात उभी राहून ते पाहिलं आणि खाली आले. तो सगळा हिवाळा तिनं तसाच काढला, आणि मी तिला एकदाही खिडकी लाव म्हटलं नाही.

सासूबाईंशी मात्र माझं पुन्हा भांडण झालं. कोर्टाची बंदी उठल्यावर त्या त्याला फोन करू लागल्या होत्या, मी कामावर असताना. मला ते मुलीकडून कळलं. मी फार बोलले. तुमचा पाय पाहा, म्हटलं. माझा हात पाहा. त्यांनी ऐकून घेतलं. "मी खोटं नाई बोलली तिथं," त्या म्हणाल्या. "आता त्याच्याशी बोलू नको म्हनतं, ते माह्यानं नाई होत." वसंत आला तशा त्या नागपूरला, माझ्या नणंदेकडे गेल्या. विमानतळावर त्यांनी मुलीला जवळ घेतलं, मला नाही. मग व्हीलचेअर वळली, तेव्हा माझा हात ओढून घेऊन त्यांनी त्या डागावर स्वतःचा गाल टेकवला.

आता दर रविवारी फोन येतो. पाय ओढतो म्हणतात, उन्हात जळजळ होते. मुलगी त्यांच्याशी तोडक्यामोडक्या मराठीत बोलते आणि त्या तिला नागपुरी शिव्या शिकवतात. वडिलांशी ती अजून बोललेली नाही. त्याचं पत्र आलं होतं, ते तिनं न फोडता मला परत दिलं. मी कपाटात ठेवलंय. तिला कधी हवं झालं तर असावं म्हणून.

गेल्या रविवारी बोलणं संपताना सासूबाई जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "मले तं तो काही सांगत नाई. त्यानं कॅल्गरीत जेवाखायचं काय केलं असन, काही कळलं का तुले?"

"नाही, आई," मी म्हटलं. "मला नाही माहीत."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि मुलीला पुन्हा फोनवर बोलवायला सांगितलं.